हशा पिकंस्तोवर

लंडनजवळच्या वॉटफर्डमध्ये शशिधर पिसाळ नावाचा एक गडी लोकांना गाडी शिकवतो. वय सत्तावन्न, अंगानं भरलेला, मिशी पांढरी, आणि आवाज असा की ओढ्यातनं धोंडे गडगडत यावेत. त्याच्या लहानशा लाल गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक ह्याच्या. रस्त्यानं चालला तर कुणी वळून बघत नाही. पण ह्याच माणसाला एके काळी कॅनडात चालत्या बसमधनं लोक हाका मारायचे, आणि विमानतळावरचा शिपाई पासपोर्ट उघडायच्या आधीच हसायला लागायचा. श्रद्धाला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की पुण्याच्या लायसनवर इथं वर्षभरच गाडी चालवता येते, वर्ष सरत आलंय, आणि इथल्या मराठी मंडळाच्या परीक्षितनं दिलेला हा नंबर मराठी बोलणाऱ्या माणसाचा आहे.

श्रद्धा चिंचवडची, सॉफ्टवेअरमधली. कॉलेजात असल्यापासून स्कूटी चालवलेली. फट दिसली की घुसायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. पहिल्याच राउंडअबाउटला, म्हणजे इथल्या गोल चौकाला, तिनं गाडीचं नाक असं पुढं काढलं, की शशिधरनं आपल्याकडचा ब्रेक दाबला आणि दोघंही सीटबेल्टला लोंबकळली.

"पोरी," तो म्हणाला, "ही काय जत्रंतली गर्दी हाय व्हय, खांदा मारून घुसाया?"

श्रद्धा दचकली ती ब्रेकनं नव्हे, भाषेनं. आत्ता फोनवर कुणाशी तरी नाकातल्या कॅनडियन इंग्लिशमध्ये बोलत होता हा. मराठीत तोंड उघडलं तर माणदेशातला आठवडी बाजार बाहेर पडला.

"काका, तुम्ही गावाकडचे आहात?"

"व्हय. शाळंत जायच्या आदीच निगालो. पुढं सगळं कॅनडा. आयबानं घरात जी मराठी दिली तीच माजी. दुसरी कुटली ठावंच न्हाई."

खरंच होतं ते. माणदेशातली ती बोली हॅमिल्टन नावाच्या पोलादाच्या गावात, बर्फात, एका घराच्या चार भिंतींत मुरांब्यासारखी मुरत राहिली होती. माणदेशात लोक आता टीव्ही बघून शहरी बोलायला लागले, पण शशिधरच्या तोंडी अजून ती जुनी, खडीसाखरेसारखी टणक. मंडळातले लोक गालात हसायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे. आईच्या हातची भाकरी कडेला करपली म्हणून ती बदलून मागणारा इसम अजून जन्माला यायचाय.

दर शनिवारी सकाळी श्रद्धा शिकायला लागली, आणि लाल सिग्नलला थोडा थोडा करत त्याचा सगळा जन्म तिच्या कानावर पडला.

शशिधरचे वडील, आबा, तरुणपणी गावच्या हौशी फडात सोंगाड्या होते. जत्रेत उभे राहिले की बाया पदराचा बोळा तोंडात कोंबायच्या. पुढं कुणीतरी नातेवाईक कॅनडात पोचला, त्याच्या मागनं आबाही पोचले, आणि फडातला सोंगाड्या भट्टीपुढं उभा राहिला. पोलादाला कुठला विनोद? पण रविवारी स्वयंपाकघरात पोराला पुढ्यात बसवून आबा जुन्या बतावण्या म्हणायचे आणि मधेच थांबायचे. पोरगं म्हणायचं, "म्होरं?" आबा बोट वर करायचे.

"हशा पिकतो, लेका. पेरल्याबरूबर काढायचा नसतो. हिरवा काढला तर त्वांड आंबट हुतंय. लई वाळू दिला तर दानं गळून जात्यात. पिकंस्तोवर थांबायचं."

पोरगं थांबायला शिकलं. पण मग त्यानं अकाउंटिंग सोडून नाटकाची शाळा धरली, तेव्हा ह्याच आबांनी घर डोक्यावर घेतलं. शशिधरनं हॉटेलात ताटं उचलली, टॅक्सीवाल्याची, चोराची, एका वाक्याच्या डॉक्टरची कामं केली, आणि तिशीत त्याला ती मालिका मिळाली. टोरोंटोतल्या एका धुलाईच्या दुकानावरची विनोदी मालिका. लोक नाणी टाकून कपडे धुवायला येतात, एकमेकांच्या भानगडीत पडतात, आणि दुकानाचा मालक चंदू अंकल दर भागात एकदा येऊन सांगतो, "चार नंबरचं मशीन बंद आहे, मित्रा." बस, एवढंच काम. तेही खास बनवलेल्या इंडियन इंग्लिशमध्ये, मान डोलवून. शशिधर जन्मात तसलं इंग्लिश बोलला नव्हता. निर्मात्यानं करून दाखवलं, म्हणाला, असं. ह्यानं केलं. तो म्हणाला, अजून थोडं. ह्यानं अजून थोडं केलं.

"राग नाही आला तुम्हाला?" श्रद्धानं विचारलं.

"आला की. पर पोटात आला, आन् पोट रिकामं हुतं."

मालिकेचं चित्रीकरण खऱ्या प्रेक्षकांपुढं व्हायचं. तिथं शशिधरनं आबांचं बी पेरलं. एकदा वाक्य म्हणायच्या आधी तो मशीनकडं बघत राहिला. मग गिऱ्हाईकाकडं बघितलं. मग मशीनचं झाकण, मेलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढावी तसं, हळूच लावलं. प्रेक्षकांत एक हसला, मग चार, मग बाकं हलायला लागली, आणि ते शिगेला पोचून उतरणीला लागतंय न लागतंय तोच ह्यानं तोंड उघडलं. लेखक मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. पुढच्या भागापासून चंदू अंकलला पानंच्या पानं मिळाली, आणि मालिका सात हंगाम चालली.

आबा चित्रीकरणाला एकदाच आले. पुढच्या बाकावर, टोपी घालून. आजूबाजूला लोक लोळत होते आणि आबा देवळातल्या खांबासारखे ताठ. परत जाताना गाडीत म्हणाले, "त्ये हसत्यात खरं. पर त्ये तुला हसत्यात, शश्या. तू हसवत न्हाईस."

परत कधी आले नाहीत.

दुसरा असता तर बापाशी बोलणं टाकलं असतं, नाहीतर काम टाकलं असतं. ह्या गड्यानं दोन्हींतलं काहीच टाकलं नाही. त्यानं काय केलं, तर मान डोलवणं हळूहळू कमी केलं, दुधात रोज चमचाभर पाणी घालणाऱ्या गवळ्यासारखं, कुणाच्या लक्षात येणार नाही असं. मग ते बनवलेलं इंग्लिशही कमी केलं. शेवटच्या दोन हंगामांत चंदू अंकल शशिधरसारखाच बोलायचा, मान जागेवर, आणि हशा एक दाणाही कमी झाला नाही. निर्मात्याला कळलं तोवर मालिका गुंडाळायची वेळ आली होती. शशिधरनं आबांना फोन करून सांगितलं. आबा "बरं" म्हणाले आणि अंगणातल्या बर्फाचं बोलायला लागले.

पुढं जी कामं आली ती सगळी मान डोलवणारी. त्यानं एकही घेतलं नाही. एका लग्नात त्याला लंडनच्या पिनर भागातली नंदा भेटली. नंदाचे आईवडील मराठी, पण ती जन्मली-वाढली इथंच. कौन्सिलात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी, बोलणं फटकळ. तिच्या मागनं तो इकडं आला. आपली आई वारल्यावर मोठी खटपट करून आबांनाही आणलं. ब्रिटनमध्ये ती मालिका कुणी बघितलेली नव्हती. दोन जाहिराती, थोडं आवाजाचं काम, आणि मग ही लाल गाडी. नट गेला, पण थांबणं गेलं नाही. राउंडअबाउटच्या तोंडाशी तो शिकणाऱ्याला असा थांबवायचा, की मागं रांग लागायची.

"इंडिकेटरवर इस्वास ठिवू नगंस," तो श्रद्धाला सांगायचा. "मान्सं हात येकीकडं दावत्यात आन् जात्यात दुसरीकडं. चाक बग. चाक खोटं बोलत न्हाई."

हे सांगताना त्याचा उजवा पाय आपल्या ब्रेकवर अधांतरी असायचा. टाच वर, चवडा टेकायच्या बेतात. श्रद्धा त्या टाचेला ओळखायला लागली. टाच वर असली, की काकांना सगळं दिसतंय, काही व्हायचं नाही.

एका शनिवारी पार्किंगमध्ये गाडी उलटी लावायचा सराव चालला होता. मधेच तो आपणहून म्हणाला, "आबा आता चौऱ्याऐंशीचा झाला. सात हंगाम लोकांला हसवलं, पर त्येच्या हिशेबी येक डावबी न्हाई. त्येच्या बोलीत, त्येच्या पुढ्यात येकदा उबं ऱ्हायाचंय बग. मग हसूंदे न्हाईतर उठून जाऊंदे."

श्रद्धा मंडळाच्या नाटकाची प्रॉम्प्टर होती. विंगेत वही घेऊन उभी राहणारी, अडकलेल्याला वाक्य पुरवणारी. गणपतीत मंडळ एक एकांकिका करायचं. ह्या वर्षीची परीक्षितनंच लिहिली होती. परीक्षित मंडळाचा सेक्रेटरी, फायनान्समधला, शिस्तीचा. गोष्ट अशी, की गावाकडचे नाना विलायतेत मुलाकडं राहायला येतात, आणि मुलगा कंजूस. श्रद्धानं नानांसाठी शशिधरचं नाव सुचवलं.

"अगं, त्यांना देवनागरी वाचता येत नाही," परीक्षित म्हणाला. "आणि इट्स अ लॉन्ग पार्ट. मधेच ब्लँक झाले तर?"

"मी फोनवर रेकॉर्ड करून देते सगळं. ऐकून पाठ करतील. आणि नानाची भाषा आपल्यात दुसऱ्या कुणाला येते? तू लिहिलंयस ते ऐकून गावातलं कुत्रंसुद्धा भुंकेल."

परीक्षितला ते लागलं, पण पटलंही. शशिधरनं सगळं पाठ केलं, वर परीक्षितची वाक्यं जागच्या जागी माणदेशी करून टाकली. तालमी सुरळीत झाल्या. तालमीत समोर कुणी नव्हतं, म्हणून हशा नव्हता. हशा नव्हता, म्हणून थांबायचं कारण नव्हतं. तो धडाधड वाक्यं म्हणत सुटायचा. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, श्रद्धाच्याही नाही.

प्रयोग रविवारी दुपारी, एका शाळेच्या हॉलमध्ये. नंदानं आबांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. टोपी, कोट, पायांत स्पोर्ट्सचे बूट.

"आबा, झोप आली तर मला सांगा हां. आपण मागे जाऊ."

"फडावर झोपतंय ते सोंगाड्याचं पोर न्हवं," आबा म्हणाले. "तू गप बस."

विंगेत परीक्षित श्रद्धाच्या कानाशी लागला. "जरा जरी अडखळले तरी लगेच दे. वाट बघू नकोस. कार्यक्रम रेकॉर्ड होतोय."

पडदा उघडला. मुलाचं काम करणारा समर इथंच वाढलेला. त्याचं मराठी पांगुळगाडा धरून चालायचं, पण कंजूस मुलाला ते शोभत होतं. तो भिंतीवरच्या रेडिएटरकडं बोट करून म्हणाला, "नाना, थंडी वाजला तर स्वेटर घाला. पण हीटिंगला हात लावायचा नाही."

नानांनी रेडिएटरकडं बघितलं. मग मुलाकडं. मग एक बोट लावून बघितलं, थंडगार. मग डोक्यावरची टोपी सारखी केली, चपला काढल्या आणि रेडिएटरला वाकून नमस्कार केला. हॉलमध्ये कुठंतरी खुसखुस झाली. ती दुसऱ्या रांगेत गेली, तिसरीत गेली. वीजबिलाच्या धाकानं घरात टोपडी घालून बसणारी माणसं ती, त्यांना नेमकं बसलं. नाना वाकलेलेच होते.

आणि विंगेतनं श्रद्धाचा आवाज आला, खणखणीत, "मग ही चूल बशीवलीया कशाला? पूजेला?"

वाक्य त्याचं, पण आलं तिच्या तोंडून. हशा उभ्या पिकात गाय शिरावी तसा आडवा झाला. लोकांना वाटलं, काका विसरले. पुढच्या रांगेतल्या बाईनं "अरेरे" केलं. शशिधरनं वाक्य म्हटलं, पण आता त्यात काही राहिलं नव्हतं.

श्रद्धाला वाटलं, आपण वाचवलं. पुढच्या जागेला पुन्हा तेच. समर म्हणाला, आंघोळ चार मिनिटांत उरका. नाना थांबले, खुसखुस उठली, आणि फट दिसल्याबरोबर श्रद्धानं पुन्हा नाक घातलं. ह्या खेपेला मात्र तिनं आबांकडं बघितलं. म्हाताऱ्याचं तोंड आंबट झालं होतं. हिरवा हशा चाखल्यासारखं. मग तिनं शशिधरच्या पायाकडं बघितलं. उजवी टाच वर, चवडा टेकायच्या बेतात.

तिनं वही खाली घेतली. काकांना सगळं दिसत होतं. ब्रेक तिनं दाबला होता.

शशिधर समरकडं बघत नव्हता. तो विंगेच्या बाजूच्या रंगवलेल्या भिंतीकडं बघत होता. हळूहळू तिच्याजवळ गेला, कान लावला, दोन बोटांनी वाजवून बघितली. हॉल चिडीचूप. मग तो समरला खासगीत सांगावं तसं म्हणाला,

"पोरा, तुज्या भितीत बाई हाय."

हॉल फुटला. समरला हे वाक्य कुठं लिहिलेलं आठवेना, त्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि त्यावर लोक अजून हसले. शशिधर थांबला. ह्या खेपेला श्रद्धानं दोन्ही हातांनी आपलं तोंड धरलं होतं. हशा चढला, शेंड्याला आला, उतरायला लागला.

"आगं बये," त्यानं भिंतीला विचारलं, "तुलाबी हीटिंग न्हाई म्हनूनशान आत घुसलीस व्हय?"

परीक्षित विंगेत कपाळ धरून बसला होता. "हे स्क्रिप्टमध्ये नाहीये," तो पुटपुटला. श्रद्धानं वही त्याच्या हातात कोंबली. "गप रे."

आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतनं एक म्हातारा, करकरीत आवाज आला. मोठा. मोकळ्या रानात शेवटच्या बैलगाडीपर्यंत पोचायची सवय असलेला.

"आरं, भाडं परवडंना तिला! भितीतच खोली घेतलीया!"

गावच्या फडात हे चालायचंच. सोंगाड्यानं टोला हाणला की मांडीवर थाप मारत गर्दीतनं कुणीतरी परतवायचा, आणि सोंगाड्यानं तो झेलून पुन्हा हाणायचा. वॉटफर्डच्या हॉलला ही रीत ठाऊक नव्हती, पण भाडं सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं खुर्च्यांवरनं वाकली. कुणीतरी रुमालानं डोळे पुसायला लागलं.

शशिधर आबांकडं बघत राहिला. लोकांना वाटलं, आता हा काय हाणणार. हॉल हसून हसून शांत झाला, वाट बघायला लागला. परीक्षित कोपरानं ढोसत होता, "दे, दे ना वाक्य." श्रद्धा हलली नाही. तिनं चाक बघितलं. टाच खाली होती. दोन्ही पाय फरशीला चिकटलेले. हा थांबला नव्हता, हा अडकला होता. सात हंगाम ज्याचा थांबा चुकला नाही, तो गडी बापाच्या एका वाक्यानं रिकामा झाला होता.

तिनं भिंतीच्या फटीला तोंड लावलं आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढंच, त्याच्याच बोलीत म्हणाली, "नाना, त्यांला च्या इचारा."

टाच उचलली.

"पाव्हनं," शशिधर आबांना म्हणाला, "भाड्याचं मागनं बगू. तुमी आदी वर येऊन च्या घ्या. पर च्या थंडच हाय. हितं समदंच थंड हाय."

"मग घरनं निगताना सांगायचं हुतं," आबा जागेवरनं म्हणाले. "मी शेगडी आनली असती."

नाटक परीक्षितच्या वहीतनं केव्हाच बाहेर पडलं होतं. बापलेक वरून खालून बोलत होते, भिंतीतली बाई गरज पडेल तशी चोरून वाक्य देत होती, आणि समर हीटिंगच्या बटनापुढं हात पसरून उभा होता. शेवटी नानांनी बटन दाबलं आणि पडदा पडला.

मग कँटीनमध्ये मसालेभात आणि जिलबी. येणारा-जाणारा शशिधरच्या पाठीत थाप मारत होता. परीक्षित येऊन म्हणाला, "काका, माझं नाटक कुठं गेलं?"

"हीटिंग लावलं न्हवं का शेवटाला? तेवडं तुजंच हुतं."

शशिधर ताट घेऊन आबांच्या शेजारी बसला. थोडा वेळ दोघंही जेवले. मग त्यानं विचारलंच.

"आबा, आख्खा हॉल हसला. तुमी हसला न्हाईसा."

आबा जिलबी चघळत होते. दात थोडे, त्यामुळं वेळ लागला.

"मी हसत बसलो असतो तर तुला जागा कोन देनार हुतं? सोंगाड्या सोंगाड्याला हसत न्हाई. त्यो त्येच्या हातात हात घालतो." मग पाक पुसत म्हणाले, "पर मदी इसरलास. भितीतली बाई हुती म्हनून वाचलास."

शशिधरनं श्रद्धाकडं बघितलं. "चाक बगितलंस?"

"टाच बघितली, काका. आधी बघायला हवी होती."

"उगं त्वांड पाडू नगंस," आबा तिला म्हणाले. "पयले दोन डाव तू समदं पीक तुडवलंस. पर तिसऱ्या डावाला राखण केलीस. चालतंय."

श्रद्धाला आठवड्यापूर्वीच लायसन मिळालं होतं. घरी जाताना तिनं लाल गाडी चालवायला मागितली. नंदा आणि आबा मागं, शशिधर पुढं, पाय दुमडून. उन्हं अजून होती. मोठ्या राउंडअबाउटच्या तोंडाशी ती थांबली. उजवीकडनं गाड्यांची माळ येत होती. एक फट दिसली, चिंचवडच्या मानानं भलीमोठी. तिनं चाकांकडं बघितलं आणि जाऊ दिली. मागच्या व्हॅननं हॉर्न मारला.

"श्रद्धा, यू वेअर फाइन टू गो," नंदा म्हणाली.

आबांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि व्हॅनवाल्याला माणदेशीत सांगितलं,

"आरं थांब की! पिकूं दे!"

व्हॅनवाल्याला काय कळलं देव जाणे. पण त्या टोपीकडं बघून तो हसायला लागला.

आणि पुढच्या सीटवर शशिधर पिसाळनं पाय सोडून, मागं मान टाकून असं हसायला सुरुवात केली, की श्रद्धाला गाडी पुढं काढायला आणखी एक फट सोडावी लागली.